आधी स्लॅब, मग धोरण

महानगरं ही आर्थिक वाढीची इंजिनं असतात आणि नव्या धोरणांच्या प्रयोगशाळाही, हे वाक्य मी गेल्या महिनाभरात तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा वक्त्याच्या मागच्या पडद्यावर काचेच्या इमारती होत्या आणि त्यातली एकही आमच्या भागातली नव्हती. चौथ्यांदा ते वाक्य मीच आमच्या घरमालक काकांना ऐकवलं. ते गच्चीवर टाकीत काठी बुडवून पाणी मोजत होते. सगळी हयात कारखान्यात गेलेला माणूस. इंजिन म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"इंजिन हाय म्हणता, मग कूलंट कुठंय सर? आज आपला पाण्याचा दिवस नाय."

आमच्या पिंपळे गुरवात हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पिंपरी-चिंचवडला २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. ही सोय तात्पुरती म्हणून सुरू झाली. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता दप्तर घेऊन शाळेत जातात. त्यांना आठवड्याचे वार दोनच माहीत आहेत: पाण्याचा आणि बिनपाण्याचा.

तरी वक्त्यांचं म्हणणं खोटं नाही. फक्त प्रयोगशाळेचा पत्ता त्यांना चुकीचा मिळालाय. ते धोरणं शोधायला मंत्रालयात जातात, सल्लागारांच्या सादरीकरणात डोकावतात. आमच्या पट्ट्यातली धोरणं दीड गुंठ्यात जन्मतात. आधी माणूस येतो. मग तो आपली सोय करतो. सोय बेकायदा ठरते, दंड लागतो, दंड थकतो, निवडणूक येते, दंड माफ होतो आणि शेवटी एक शासन निर्णय निघतो. बाळंतपण गल्लीत उरकलेलं असतं, सरकार फक्त बारशाला येतं. पेढे मात्र स्वतःच्या नावाने वाटतं.

थोडं मागे जाऊ. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा हात होता, आणि देशाला स्वतःचं पेनिसिलिन हवं होतं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को आली, बजाज आली. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या आवारात झाडं लावली, तळं केलं. त्याचं कौतुक आजही होतं आणि व्हायलाच हवं. फाटकाच्या आत झाडापासून तळ्यापर्यंत सगळं आखलेलं होतं. फाटकाबाहेर पाळी सुटल्यावर हजारो माणसं नेमकी जाणार कुठे, हा प्रश्न कुणाच्या नकाशावर नव्हता. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली १९७० मध्ये, म्हणजे पहिल्या मोठ्या कारखान्यानंतर सोळा वर्षांनी. महापालिका झाली ११ ऑक्टोबर १९८२ रोजी. कारखाना आला, कामगार आला, त्याची पोरं कमावती झाली आणि मग नगर आलं. आमच्याकडे हा क्रम कधीच उलटा झाला नाही.

कामगारांना घरं द्यायची म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण निघालं. नाव एवढं लांब की अर्ज लिहितानाच निम्मा कागद संपायचा. प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीकडे देखणी पेठ वसवली, यात शंका नाही. रुंद रस्ते, झाडं, सेक्टर, आणि संध्याकाळी फिरायला निघालेली पांढऱ्या बुटांतली निवृत्त मंडळी. पण कंत्राटी हेल्परने तिथे प्लॉट घ्यायचा म्हणजे हेल्परने आधी मॅनेजर व्हायचं. आणि ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी सुरुवातीला घेतल्या, त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न जवळजवळ पन्नास वर्षं रेंगाळला. आजोबांनी जमीन दिली, वडिलांनी हेलपाटे घातले, नातवाने मोर्चे काढले. २०२१ मध्ये प्राधिकरणच गेलं. त्याचा काही भाग महापालिकेत आणि काही पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, मिसळला. कामगार तोवर वाट बघत थांबला नव्हता. तो पिंपळे गुरव, सांगवी, रहाटणी, काळेवाडी, थेरगाव इथे पोहोचला होता आणि त्याने पायाही खणला होता.

आमचे काका औसा तालुक्यातले. त्यांच्या आधी त्यांचा चुलतभाऊ आला होता, त्याच्या आधी त्याचा मेहुणा. पिंपळे गुरवातल्या काही गल्ल्यांत संध्याकाळी कानोसा घेतला तर लातूर, बीड आणि धाराशिव एकाच ओट्यावर भेटतात, आणि दिवाळीच्या आधी चौकात ट्रॅव्हल्सच्या डिकीत मिक्सर, गाद्या आणि क्वचित एखादी शिलाई मशीनही चढते. काकांनी एका शेतकऱ्याकडून दीड गुंठा घेतला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. १९४७ चा तुकडेबंदी कायदा सांगतो की शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकायचे नाहीत. हेतू बरा होता, शेती परवडेनाशी होऊ नये हा. पण ज्या शेतात ज्वारीऐवजी खोल्या उगवायला लागल्या होत्या, तिथे त्या कायद्याला विचारतो कोण? खरेदीखत होत नव्हतं. मग स्टॅम्पपेपर आला, नोटरी आली, कुलमुखत्यारपत्र आलं, कब्जा पावती आली. काकांचं नाव विजेच्या बिलावर आहे, मतदार यादीत आहे, रेशन कार्डावर आहे, घरपट्टीच्या पावतीवर आहे. सातबाऱ्यावर तेवढं नाही. सरकार त्यांना सगळीकडून ओळखतं, फक्त ते उभे आहेत ती जमीन त्यांची असल्याचं मानत नाही.

आता नगरनियोजन बघा. आमच्या गल्लीची रुंदी कशी ठरली, हे मी काकांना एकदा विचारलं होतं. विकास आराखडा, चटई क्षेत्र, पुढचं-मागचं अंतर असं काहीतरी उत्तर येईल म्हणून मी वहीही काढली.

"विटांचा ट्रॅक्टर आत यायला पायजे, तेवढी ठिवली," काका म्हणाले.

या एका वाक्यात आमच्या निम्म्या शहराचा विकास आराखडा आहे. बांधायला लागणारी गाडी आत आली की झालं. आग लागल्यावर येणारी गाडी हा पुढच्या पिढीचा प्रश्न.

मग सरकार जागं झालं. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतचं जे झालं ते नियमित करून घ्या, पुढे नाही. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात दुरुस्ती झाली: ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांचा विचार करू, पुढे नाही. २०२१ मध्ये गुंठेवारीची मुदत ३१ डिसेंबर २०२० वर नेली. पुढे अजिबात नाही. आणि २०२५ च्या जुलैमध्ये विधानसभेत जाहीर झालं की १ जानेवारी २०२५ पर्यंत पडलेले एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे कायदेशीर होतील. वारीची तारीख पंचांगात छापलेली असते, मुदतवाढीची नसते, पण चुकत दोन्ही नाहीत. वाईट वाटतं ते फक्त नियमाने परवानगी काढून, पैसे भरून, तीन फूट जागा सोडून घर बांधणाऱ्या माणसाचं. त्याच्यासाठी आजवर एकही मुदतवाढ निघालेली नाही.

या सगळ्यात आमच्या शहराने भाषेलाही एक शब्द दिला: शास्ती. मूळ शब्द कायद्याचा, संस्कृत वळणाचा. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुप्पट दंड, तो शास्ती कर. शब्द इतका घरोब्याचा झाला की बायका जिन्यात एकमेकींना विचारायच्या, "तुमच्याकडं आली का शास्ती?" जणू माहेरची कुणी पाहुणी. लोकांनी शास्ती भरली नाही, आणि शास्तीबरोबर मूळ करही थांबवला. थकबाकी फुगत गेली. जे वसूल होत नाही ते कागदावर उत्पन्न म्हणून दिसतं, हा महापालिकांचा जुना योगाभ्यास आहे. प्रत्येक निवडणुकीत शास्ती माफ करण्याचं आश्वासन निघायचं, आणि निकालानंतर ते पुढच्या निवडणुकीसाठी जपून ठेवलं जायचं. अखेर २०२३ मध्ये थकलेली शास्ती माफ झाली. अट एकच, मूळ कर भरायचा. शिवाय बारीक अक्षरात एक ओळ: शास्ती माफ झाली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं समजू नये. म्हणजे गुन्हा कायम, शिक्षा माफ, आरोपी घरी आणि घर अजूनही अनधिकृत. याला नवकल्पना म्हणायचं नाही तर कशाला?

पैशाचं बोलणं निघालंच आहे तर जकातीला हार घालून पुढे जाऊ. एके काळी ही आशियातली सर्वात श्रीमंत महापालिका म्हणून सांगितली जायची. त्यामागे अर्थशास्त्र सोपं होतं. कारखान्यात पोलाद शिरलं की नाक्यावर पैसे पडत. उद्योग वाढला की शहराची तिजोरी आपोआप वाढे. ट्रकवाले नाक्यावर रांगेत तासन् तास पाने खात बसत, भ्रष्टाचाराच्या कथा होत्या, हे सगळं खरं. पण इंजिन आणि तिजोरी यांच्यात सरळ नळी होती. १ एप्रिल २०१३ रोजी जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ ला पन्नास कोटींखालच्या उलाढालीवरचा एलबीटीही गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलासुरला गेला. आता राज्य सरकार कायद्याने ठरलेली भरपाई देतं, दर वर्षी आठ टक्के वाढवून. गाड्या दुप्पट खपल्या तरी आठ टक्के, निम्म्या खपल्या तरी आठ टक्के. कमावत्या मुलाने पगार आईकडे द्यावा आणि तिने रोज चहापाण्याला मोजून पैसे द्यावेत, तशी ही व्यवस्था. मुलगा बिघडत नाही हे खरं, पण त्याला स्वतःच्या लग्नाचा हॉलही ठरवता येत नाही.

एवढं असूनही इंजिन चालतं कसं? याचं उत्तर सभागृहात नाही, भोसरीत आहे. अमेरिकेतल्या जेन जेकब्ज बाईंनी १९६९ मध्ये शहरांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी इंग्लंडातल्या दोन शहरांची तुलना केली. मँचेस्टर म्हणजे प्रचंड कापडगिरण्या, शिस्तशीर, कार्यक्षम. बर्मिंगहॅम म्हणजे छोट्या छोट्या वर्कशॉपचा गोंधळ, एकाचं काम दुसऱ्याकडे, तिसऱ्याचं चौथ्याकडे. कापडाचे दिवस फिरले तेव्हा मँचेस्टर बसलं आणि बर्मिंगहॅमने नवी कामं शोधली. बाईंना भोसरी एमआयडीसीत आणलं असतं तर त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यातच खुर्ची टाकली असती. इथे सकाळी दहाला डाय तुटली तर दुपारी तीनला दुसरी मिळते. एका शेडमध्ये टर्निंग, शेजारी ग्राइंडिंग, मागच्या गाळ्यात हार्डनिंग, कोपऱ्यावर प्लेटिंग, आणि या चौघांमध्ये नमुना मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेला एक पोरगा. मोठ्या कारखान्यात शिकलेला टूलमेकर नोकरी सोडतो, जुनी लेथ हप्त्याने घेतो आणि कालच्या साहेबाचा आज जॉबवर्कवाला होतो. हे ज्ञान कुठल्या धोरणाने दिलं नाही. ते चहाच्या टपरीवर उधारीबरोबर वाटलं जातं. महानगर वाढ घडवतं ती अशी: वेगवेगळी कामं येणारी माणसं हाकेच्या अंतरावर असतात म्हणून. हाकेचं अंतर वाहतुकीने पाऊण तासाचं झालं की सिद्धांतही पाऊण तास उशिरा पोहोचतो.

आणि कारखाने चाकणकडे सरकले तसं ते अंतर वाढतं आहे. चाकण म्हटलं की पूर्वी कांदा आठवायचा आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. शाइस्ताखानाला १६६० मध्ये चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले. आज तळेगाव चौकात उभं राहिलं की खानाने फार वेळ लावला असं वाटत नाही. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्याच्या पत्त्यात निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी ही गावं येतात. जगभर मोटारी विकणारी कंपनी आणि ग्रामसभेचा फलक यांच्यात एक भिंत आहे. भिंतीच्या आत यंत्रमानव वेल्डिंग करतो; भिंतीबाहेर कचरा कुणी उचलायचा हे ग्रामपंचायतीने ठरवायचं असतं, आणि ग्रामपंचायतीकडे ट्रॅक्टर एकच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अजित पवारांनी भल्या पहाटे चाकणची वाहतूक पाहिली आणि चाकणसह तीन नव्या महापालिकांची गरज बोलून दाखवली. पहाटे पाहिली म्हणून बरं. सकाळी नऊला पाहिली असती तर घोषणेपर्यंत पोहोचायला दुपार झाली असती.

कारखाना चाकणला गेला तरी कामगार पिंपळे गुरवातच राहिला. काटेपुरम चौकात पहाटे कंपनीच्या बसगाड्यांची रांग लागते. अर्धी पोरं उभ्याने झोपलेली असतात. त्यातले बरेच कॉट बेसिसवाले. कॉट बेसिस हासुद्धा आमच्याच प्रयोगशाळेतला शोध. खोली भाड्याने घेणं परवडत नाही, मग खाट भाड्याने घ्यायची. तिघे तीन पाळ्यांत असतील तर गादी कधी गार पडत नाही. गृहनिर्माण धोरणात घनतेवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. एका खाटेवर तीन माणसं ही घनता मात्र कुणाच्या कोष्टकात बसलेली नाही.

आणि त्या पोरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर एके काळी काय लिहिलेलं असायचं? ट्रेनी. २०१३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 'नीम' नावाची योजना काढली, रोजगारक्षमता वाढवण्यासाठी. पोरगा लाइनवर उभा राहून बंपर बसवतो, टार्गेट पूर्ण करतो, ओव्हरटाइम करतो, पण तो कामगार नाही, शिकाऊ आहे. पगार नाही, विद्यावेतन. भविष्यनिर्वाह निधी नाही, कारण विद्यार्थ्याला कसला भविष्यनिर्वाह. शिक्षण तीन वर्षांपर्यंत चालू शकायचं. बंपर बसवायचं तीन वर्षांचं शिक्षण! इतक्यात माणूस वकील होतो. योजना नंतर गुंडाळली गेली, पण 'ट्रेनी' हा शब्द चाकणमध्ये मुक्कामाला राहिला. धोरणातली ही नवकल्पना मात्र गल्लीत जन्मलेली नव्हती, हे काकांच्या वतीने नोंदवून ठेवतो.

स्मार्ट सिटीबद्दल बोलायलाच हवं, कारण तिच्या नकाशात पिंपळे गुरव आहे. २०१५ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांची जोडी करून नाव पुढे गेलं. बोहल्यावर एकटं पुणे चढलं. मग नवी मुंबई बाहेर पडली आणि २०१७ मध्ये आमचं आरएसी तिकीट पक्कं झालं. क्षेत्र विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर निवडले गेले. पदपथ रुंद झाले, खांब आले, फरशा आल्या. पदपथ खरोखर चांगले आहेत. माझी दुचाकी मी रोज त्यावरच लावतो. माझ्या शेजारी शहाळीवाला बसतो, त्याच्या शेजारी मोबाइलचं कव्हर विकणारा, आणि चालणारा माणूस रस्त्यावरून चालतो, तो पहिल्यापासून तिथूनच चालायचा. इथलं राजमाता जिजाऊ उद्यान सगळे डायनासोर गार्डन म्हणून ओळखतात. तिथला डायनासोर हा आमच्या परिसरातला बहुधा एकमेव रहिवासी, ज्याच्या बांधकामाला शास्ती लागली नाही.

मेट्रोही आली, ६ मार्च २०२२ रोजी, पिंपरीपासून फुगेवाडीपर्यंत. नाशिक फाट्यावर स्थानक बांधलं आणि नाव दिलं भोसरी. भोसरीचा माणूस स्थानकावर उतरून भोसरी शोधत बसायचा. शेवटी स्थानकाचंच नाव नाशिक फाटा केलं. गाव हलवण्यापेक्षा पाटी हलवणं स्वस्त पडतं. आमच्याकडची बरीच दुरुस्ती याच दराने होते.

तिरकस माणसाने वर्षातून एकदा तरी सरळ बघावं, म्हणून हेही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये कर्जरोखे काढून दोनशे कोटी उभे केले आणि २०२५ च्या जूनमध्ये आणखी दोनशे कोटींचे हरित रोखे बाजारात आणले. गुंतवणूकदार रांग लावून आले. कराची बिलं घरोघरी वाटायचं काम बचत गटांच्या बायकांना दिलं. जिथे पूर्वी बिलच पोहोचत नव्हतं तिथे ते पोहोचलं, कारण कुणाचं घर कुठल्या बोळात आहे हे त्यांना माहीत होतं. पुन्हा बघा, शहाणपण आलं ते गल्लीतूनच. जकात गेल्यावर शहराला स्वतःच्या पायावर उभं राहायची खटपट करावी लागली आणि त्या खटपटीतून काही बरं निघालं, हे मान्य. फक्त या काळात महापालिकेत नगरसेवक नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभारी होते. ज्या चिंचवड विधानसभा मतदारसंघात आम्ही मोडतो, त्याची मतदार यादी राज्यात सर्वांत मोठी. मतदार सर्वाधिक आणि नगरसेवक शून्य, असं प्रातिनिधिक लोकशाहीचं रूप आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

राज्यघटनेत तर महानगरांसाठी खास सोय आहे. ७४ व्या दुरुस्तीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरात नियोजन समिती सांगितली आहे, आणि तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य लोकप्रतिनिधींमधून निवडून यायचे. वाचायला फार सुंदर कलम आहे. प्रत्यक्षात ३१ मार्च २०१५ रोजी पीएमआरडीए स्थापन झाली, तिने २०२१ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला, हजारो हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. तोवर विटांचे ट्रॅक्टर थांबले नव्हते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या किती आहे, हेही कागदावर २०११ चंच आहे, १७ लाख २७ हजार. २००१ मध्ये दहा लाख होती. त्यानंतरचा आकडा जनगणनेकडे नाही. तो पाण्याच्या टँकरवाल्याला विचारावा.

पाण्याशी परत आलोच. हे इंजिन मुख्यतः पवनेवर चालतं. मावळातलं पवना धरण पाणी सोडतं, ते नदीतून वाहत येतं आणि रावेतला उचललं जातं. वाटेत पाणी मुरतं, घाण होतं, म्हणून धरणापासून थेट बंद नळाने आणायचं ठरलं. कागदावर बिनतोड योजना. मावळातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर नदीकाठी राहून नदीच नळात जाताना बघायची. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, शामराव तुपे. काम थांबलं ते वर्षानुवर्षं. शहर वाढतं तेव्हा त्याची तहान वरच्या खोऱ्यात कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते. इंजिनाच्या उपमेत ते दार कुठेच येत नाही. या ठिकाणी मला विनोद सुचत नाही आणि सुचू नये.

काल संध्याकाळी पाण्याचा दिवस होता. नळाला आधी हवा आली, मग खाकरल्यासारखा आवाज, मग पाणी. गल्लीत एकदम सगळ्या मोटारी चालू झाल्या. काका गच्चीवर होते. आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या स्लॅबमधून कॉलमच्या सळ्या वर आलेल्या आहेत. त्या गंजू नयेत म्हणून काकांनी प्रत्येक सळीवर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली उलटी घातली आहे. गच्चीवरून पाहिलं तर पलीकडच्या सगळ्या गच्च्यांवर तशाच बाटल्या दिसतात, थेट नदीपर्यंत.

"सर, ते तुमचं भाषण ऐकलेलं," काका म्हणाले, "त्यात मुदतीचं काय बोलले का?"

"कसली मुदत?"

"आता कुठवरचं चालतंय?"

मी सांगितलं, शेवटची ऐकलेली तारीख १ जानेवारी २०२५ ची आहे, पण ती जमिनीच्या तुकड्यांची, मजल्यांची नाही, आणि तीही उलटून गेली.

"गेलीच का," म्हणत त्यांनी एका सळीवरची बाटली काढली, गंज धरलाय का ते अंगठ्याने पाहिलं, आणि बाटली पुन्हा नीट बसवली.